पाच खिळ्यांची सुरी

संत कातरीनाचा दिवस

सिक्स्ट म्हणाला, रोजचं रोज लिहून ठेव. सिक्स्ट हा नगरसभेचा धाकटा लेखनिक, आमच्या माळ्यावर राहतो. सभेचे लोक तोंडच्या शब्दावर विश्वास ठेवत नाहीत म्हणे, कागदावर ठेवतात. मला लिहायची हौस नाही. लहानपणी दोन हिवाळे जोगिणींच्या मठात सलगम सोलले, त्या बदल्यात त्यांनी अक्षरं शिकवली. तेवढ्यावर भागवायचं.

तर मी वाल्बुर्गा, सुरीवाल्या एंद्रेसची बायको. काल दुपारी एंद्रेसला कामावरून उठवून पुलाच्या बुरुजात टाकलं. तक्रार वेंडेलची. हा तलवारवाल्यांचा म्होरक्या. म्हणतो, एंद्रेसने सुरीच्या नावाखाली तलवार विकली.

सुरीवाल्याने तलवार केली तर आमच्याकडे त्याचा उजवा अंगठा तोडतात आणि वेशीबाहेर घालवतात. अंगठा नसलेला सुरीवाला काय करतो? देवळाच्या दारात बसतो. निवाडा संत थॉमसच्या आधीच्या गुरुवारी, अजून साडेतीन आठवडे.

मी ओरडून सांगितलं, "अरे, त्यांना सांग की ती सुरी आहे." तो खाली बघत गेला. पायात जोडेही नीट घातले नव्हते.

दुसरा दिवस

सिक्स्टला सगळं पहिल्यापासून समजवावं लागलं. शिकलेल्या माणसाला सोपी गोष्ट कळायला वेळ लागतो.

"वहिनी, पातं कमरेपासून टाचेपर्यंत लांब. त्याने घोडा कापता येईल. त्याला सुरी कोण म्हणेल?"

"मी म्हणते. मूठ बघ. पातं काय बघतोस?"

मग मी त्याला दोन पाती आणून दाखवली. सुरीचं शेपूट मुठीइतकंच रुंद असतं. त्याच्या दोन्ही अंगांना लाकडाच्या फळ्या लावायच्या, आरपार भोकं पाडायची, खिळे मारायचे. झाली सुरी. तलवारीचं शेपूट उंदराच्या शेपटीसारखं बारीक. ते मुठीच्या पोटातून जातं, टोकाच्या लोखंडी गोळ्यातून बाहेर येतं आणि तिथे ठोकून बसवतात. पातं हातभर असो की पुरुषभर. आम्ही फळ्या ठोकतो, ते शेपूट ठोकतात. त्यावरून नाव. म्हणूनच शेतकरी लांब सुरी कमरेला लावून बाजारात येतो. तलवार बाळगायची त्याला बंदी आहे, पण शिपाई त्याला हटकत नाही.

"ही पळवाट झाली," सिक्स्ट म्हणाला.

"वाट झाली. पळतंय कोण?"

त्याने हसत लिहून घेतलं. मला हसू आलं नाही.

भांडण ज्या सुरीवरून आहे ती संत मायकेलच्या जत्रेत एका सरदाराच्या कारभाऱ्याने नेली. मोठ्या सुरीलाही तोलासाठी गोळा लावतात; तिचा तो हलायला लागला म्हणून त्याने ती वेंडेलकडे टाकली. वेंडेल म्हणतो, गोळ्यावर शेपटाचं ठोकलेलं टोक दिसतंय. दिसेल कसं? आमच्या दुकानात पाती बाहेरून येतात, एंद्रेस ती घासतो, धार लावतो. सामता, म्हणजे कमानीचं गिरमिट, चालवून भोकं पाडायची आणि फळ्या बसवायच्या हे काम माझं. एकवीस वर्षं माझंच आहे. त्या सुरीचे पाचही खिळे मी मारले. वरून चामडं चढवलंय म्हणून आतलं दिसत नाही एवढंच. चामडं माझं नाही. गिऱ्हाइकाने मागितलं असं एंद्रेस म्हणाला होता.

उपाय सरळ आहे. चामडं फाडा, मूठ उघडा, सगळ्यांसमोर बघा. वेंडेलचं थोबाड बघण्यासारखं होईल.

संत आंद्रेसचा दिवस

आज त्याच्या नावाचा सण. उपास सुरू झालेत, म्हणून खारवलेला मासा आणि राईचा पाव घेऊन गेले. बुरुजात भिंतीवरून पाणी गळतं. अंधार तर असा की मला त्याचं तोंडच दिसलं नाही, नुसता आवाज. पहारेकरी म्हणतो, झरोका आहे की बाई. असेल. दिवस लहान झालेत.

मी म्हटलं, "सभेला सांगते, मूठ उघडा म्हणून."

"नको."

"नको काय? आत पाच खिळे आहेत. मी मारलेत."

"वाल्बुर्गा, कोर्बिनियान उस्ताद बघून घेईल. तू यात पडू नकोस."

"तुझा अंगठा जाईल आणि मी पडू नको?"

"अंगठा माझा आहे."

याच्याशी काय बोलायचं? मासा त्याच्या हातात दिला आणि निघाले. पायऱ्यांवरून पाय घसरला, गुडघा फुटला. त्या पायऱ्याही बेवारशी, कुणी कडा धड घडवल्या नाहीत.

शनिवार

आफ्रा आली. ही माझी नणंद, विधवा आहे, तीन दारं सोडून राहते. बुरुजात पाठवायला एंद्रेसच्या कोटाला अस्तर लावत बसलो होतो. आफ्रानेच सुईत दोरा ओवून दिला, आणि उगाच माझ्याकडे बघत राहिली.

"काय बघतेस?"

"काही नाही वहिनी. दोरा चार वेळा बाजूने गेला."

"सुया करणारे लेकाचे आता भोकं पाडायलाही कंटाळतात."

"हो," आफ्रा म्हणाली. एरवी ही बाई दहा शब्दांशिवाय गप्प बसत नाही.

संत बार्बाराचा दिवस

कोर्बिनियानकडे गेले. आमच्या सुरीवाल्यांत सगळ्यात जुना उस्ताद तोच. संघाच्या वतीने सभेत तोच उभा राहणार. म्हटलं, अर्ज करा, मूठ उघडा म्हणावं.

म्हातारा लवकर बोलत नाही. आधी चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाला, "एंद्रेसला विचारलंस?"

"तो नको म्हणतो. घाबरलाय."

"एंद्रेस घाबरट नाही पोरी."

"मग खुळावलाय. वर्षभर बघतेय मी. भल्या सकाळी माझ्याआधी उठून दुकानात खुडबुडत असतो. मी पुऱ्या केलेल्या मुठी पुन्हा हातात घेऊन बसतो. माझं दोन दिवसांचं काम, हा त्यात आणखी चार दिवस घालवतो. विचारलं तर म्हणतो, जरा घासतोय."

कोर्बिनियान माझ्याकडे बघत राहिला. कधी नव्हे ते त्याने मला बसायला स्टूल दिलं.

"अर्ज केला की परत घेता येत नाही," तो म्हणाला. "घाई करू नकोस."

"तुम्ही करणार नसाल तर मी करते. मला अक्षरं येतात."

आणि केला. सिक्स्टने मजकूर सांगितला, मी लिहिला, सभेच्या पेटीत टाकला. सिक्स्ट मात्र म्हणाला, "वहिनी, मी पुन्हा लिहून देऊ का? ओळीवर ओळ चढलीय." मी म्हटलं, वाचणाऱ्याला गरज असेल तर वाचेल.

संत निकोलसचा दिवस

सिक्स्टने सभेच्या कोठीतून जुनी पुस्तकं काढलीत. हत्यारांना नावं कशावरून पडली ते शोधतोय. रात्रंदिवस तेच चाललंय. आज पेज खाता खाता सांगत होता. फ्रेंच लोकांकडे आपल्या लांब सुरीसारखं एक रुंद, वाकडं, एकधारी हत्यार आहे. त्याचं नाव विळ्यावरून आलं म्हणे. बोहेमियातले लोक त्यांच्याकडच्याला तासणं, तोडणं यावरून नाव देतात. आणि उत्तरेकडचे सॅक्सन, त्यांचे पूर्वज कमरेला एकधारी सुरा लावायचे. त्या सुऱ्याचंच नाव त्या अख्ख्या लोकांना पडलं.

"सुरीवरून माणसांना नाव?"

"पुस्तकात तसं आहे."

"मग वेंडेलला कशाचं नाव द्यायचं ते मला ठाऊक आहे."

तो पेजेत ठसकला. मग मी विचारलं, यातलं एखादं तरी नाव मुठीवरून पडलंय का? त्याने पानं चाळली. नाही म्हणाला. कुणाचं आकारावरून, कुणाचं कामावरून. मुठीवरून भांडणारे आपणच.

म्हणजे अंगठ्याचा सगळा भार त्या एका मुठीवर. पेज तशीच टाकली.

मंगळवार

सभेचा निरोप आला. अर्ज मान्य. मूठ उघडणार.

बुधवार

एंद्रेसला सांगितलं. तो भिंतीला टेकून बसला होता. मग म्हणाला, "बरं. झालं ते झालं. निवाड्याला येऊ नकोस."

"का?"

"माझं ऐक एकदा तरी."

परत येताना डोक्यात नको ते विचार. हा माणूस काहीतरी लपवतोय. एकवीस वर्षांत मी याला एक खोटं बोलताना पाहिलं नाही, आणि आता भिंतीला टेकून बसतो. कारभाऱ्याने जास्त पैसे देऊन खरोखरच तलवार करून घेतली का याच्याकडून? माझ्या पाठीमागे? माझे खिळे काढून? तसं असेल तर त्याचा अंगठा मीच सभेच्या पाटावर ठेवलाय. माझ्या अक्षरात.

अर्ज परत मागायला गेले. दारवान म्हणाला, पेटीत पडलेलं बाहेर येत नाही.

संत ओटिलियाचा दिवस

आफ्रा मेणबत्ती घेऊन आली. "वहिनी, ही संतीण डोळ्यांची. चल, लावून येऊ."

"माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय? तिला म्हणावं आधी तुझ्या भावाला सोडव."

"दोन्ही माग. मेणबत्ती एकच लागेल."

गेले नाही. त्याऐवजी वेंडेलकडे गेले. हे मी सिक्स्टला सांगितलेलं नाही. दारातच गुडघे टेकले, फुटलेल्या गुडघ्यासकट. म्हटलं, तक्रार मागे घे. आम्ही लांब सुऱ्या करायच्या सोडतो. नुसत्या पाव कापायच्या करू.

वेंडेलने मला हाताला धरून उठवलं. मला वाटलं होतं हसेल. हसला नाही.

"माझ्याकडे सहा गडी होते," तो म्हणाला. "आता दोन आहेत. लोक तुमच्याकडची सुरी घेतात, तिने तलवारीचं काम करतात, आणि आम्ही नुसतं बघतो. आजवर तुमच्या मुठीत फळ्या होत्या म्हणून मी गप्प बसलो. आता आत शेपूट आहे. तेवढंही तुम्ही आमच्याकडे ठेवणार नाही का, बाई?"

"आत शेपूट नाही."

"मग घाबरून माझ्या दारात का आलीस?"

घरी आले.

सोमवार

जेवण जात नाही. आज एक मूठ करायला घेतली, हात रिकामे राहवत नाहीत. तीन भोकं पाडली. सामता बरा चालतो अजून. फक्त हातात पातं धरून बघायला गेलं की धुकं येतं. हात लांब केला की बरं.

गुरुवार, निवाडा

आता घरी आहोत. दोघं. क्रमाने लिहिते.

सभेचं दालन भरलं होतं. एका अंगाला तलवारवाले, एका अंगाला आमचे. मधे मोठं मेज, त्यावर ती सुरी. एंद्रेसला आणलं. मी पुढेच जाऊन उभी राहिले. त्याने मला पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

कोर्बिनियानने चाकूने चामडं उसवलं. खालच्या फळ्यांवर खिळ्यांची पाच डोकी. आमच्या लोकांनी श्वास सोडला. मी वेंडेलकडे बघितलं. मग म्हाताऱ्याने डोकी उचकटली, आणि ती निघून आली, नुसती डोकी. त्यांना धड नव्हतं. फळ्या कसल्या, आतून कोरून एकमेकींना चिकटवलेल्या. मधून बारीक शेपूट थेट गोळ्यापर्यंत.

तलवारवाल्यांनी मेजावर मुठी आपटल्या. मला काही ऐकू येईना. मी एंद्रेसला एवढंच विचारलं, "माझे खिळे कुठे आहेत?"

त्याने मान फिरवली.

कोर्बिनियानने खिशातून वाचायच्या काचा काढल्या आणि नाकावर चढवल्या. ते शेपूट खिडकीशी नेऊन उलटसुलट केलं. त्यावरून बोट फिरवलं, एका जागी थांबलं. मग सभेला म्हणाला, "हे शेपूट बारीक म्हणून घडवलेलं नाही. रुंद होतं, नंतर कानशीने उतरवलंय. आणि इथे कडेला खाच आहे, अर्ध्या भोकाची. फळ्यांसाठी भोक पाडलं होतं. ते मधोमध न पडता कडेला गेलं आणि शेपूट तडकलं. मग चिरलेला भाग घासून काढला, उरलं ते असं बसवलं. ही सुरी म्हणून जन्मली."

वेंडेल उठला. "खाच कानशीनेही पडते. आणि एंद्रेस वीस वर्षं उस्ताद आहे. त्याचं भोक कडेला जाईल, हे कुणाला पटेल?"

सभापतीने विचारलं, "भोक कुणी पाडलं?"

"मी," एंद्रेस म्हणाला.

कोर्बिनियान त्याला म्हणाला, "तू नाहीस."

"मीच."

तेव्हा मी पुढे गेले. मला राग आला होता, खरंच सांगते, नवऱ्याला वाचवायला गेले नव्हते. म्हटलं, "आमच्या दुकानातली भोकं मी पाडते. एकवीस वर्षं. आणि माझं भोक कडेला जात नाही. सामता आणा, दाखवते."

"वाल्बुर्गा, घरी जा," एंद्रेस म्हणाला. आवाज फाटला त्याचा.

"तू गप."

वेंडेलने मान डोलावली. त्याला हेच हवं होतं. माझी भोकं मधोमध आली की ती खाच भोकाची नाही, आणि संपलं. हे मला तेव्हा कळलं नाही. घरी आल्यावर कळलं.

सामता आणला. रुंद शेपटाचं एक पातं आणलं, शेगड्याच्या जबड्यात आवळलं. पाच भोकं, मधल्या रेषेवर. मी खूण केली, टोक टेकवलं, कमान ओढली. लोखंडाचा वास आला आणि मला बरं वाटलं, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. हात थरथरला नाही. एक, दोन, पाच. भुगा फुंकला आणि बाजूला झाले. म्हटलं, "बघा."

सगळे पात्यावर वाकले. तलवारवाल्यांपैकी कुणी हसायला हवं होतं, हसलं नाही. वेंडेल पात्याकडे बघून खाली बसला.

"काय झालं?" मी विचारलं.

कोर्बिनियानने नाकावरच्या काचा काढल्या आणि माझ्या नाकावर बसवल्या. हळूच, जशी टोपी घालतात.

पाचही भोकं एका बाजूला. शेवटचं तर कडेला चाटून गेलेलं, त्याच्या अंगाला केसाएवढी चीर. मेजावरच्या खाचेशेजारी ठेवलं असतं तर जुळं दिसलं असतं.

मी मान वर केली. काचांतून एंद्रेस अंधुक दिसला. काचा वर सरकवून, मागे होऊन पाहिला, तेव्हा स्पष्ट दिसला. दाढी पांढरी झालीय त्याची. गालाची हाडं वर आलीत. मी तीन आठवडे त्याला भेटत होते.

सभेने आत जाऊन विचार केला. बाहेर येऊन सांगितलं: ती सुरी आहे. सुरीच होती. अंगठा राहील, घर राहील. पण तडकलेली सुरी चामड्याखाली झाकून धड म्हणून विकली, त्यासाठी एंद्रेसचा पात्यांवर मारायचा शिक्का मोडायचा. कोर्बिनियानने तो ऐरणीवर ठेवला आणि घणाने चपटा केला. यापुढे आम्ही आमच्या नावाने एकही सुरी विकायची नाही. कोर्बिनियानच्या दुकानात रोजावर जायचं.

बाहेर पडताना वेंडेल बाजूला झाला आणि आम्हाला वाट दिली.

संत थॉमसचा दिवस

काल वाटेत मी एक शब्द बोलले नाही. आज सकाळी विचारलं.

"कधीपासून?"

"गेल्या ईस्टरच्या आधीपासून."

"किती?"

"मोजल्या नाहीत. जमतील तेवढ्या भोकांत लोखंडाची खुंटी ठोकून पुन्हा पाडायचो. ही एक तडकली. कारभारी दारात उभा होता."

"मला सांगितलं का नाहीस?"

"ऐकलं असतंस?"

मी चुलीकडे गेले. नसतं ऐकलं. त्यालाच शिव्या दिल्या असत्या, त्याच्या पात्यांना, दिव्याच्या चरबीला. इथे कागदावरही तेच केलंय बहुतेक. आता मला हे मागचं वाचता येत नाही, आणि सिक्स्टला वाचून दाखव म्हणायची लाज वाटते.

कोबीचं सार केलं. उपास असला तरी त्यात चरबीचा तुकडा टाकला. पापाचं माझं मी बघेन. एंद्रेसने चमचा उजव्या हातात धरला आणि खायला लागला. मी समोर उभी राहून बघत होते.

"काय झालं?" तो म्हणाला. "माणूस जेवताना पाहिला नाहीस कधी?"

"गप जेव," मी म्हटलं, आणि आणखी वाढलं.